दहा अनोळखी पानं वाढण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: "पुण्यात कोथरूडला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. माझं माहेर जळगावकडचं. महिन्यातून एकदा आठ-दहा अनोळखी लोकांना घरी बोलवून, पैसे घेऊन, खान्देशी जेवण घालावं असं मनात आहे. किती पैसे घ्यायचे, परवाने कुठले लागतात, अनोळखी माणसं घरात घेणं कितपत सुरक्षित? सासूबाईंना तर ही कल्पनाच पटत नाही. सुरुवात कुठून करू?"

सासूबाईंपासूनच करू, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ त्यांच्या शंकेत आहे. मी ठाण्यात राहते. गेली नऊ वर्षं महिन्यातून दोनदा आमच्या घरी सीकेपी जेवणाची पानं मांडते. पहिल्यांदा हा विषय काढला तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "दारात आलेल्याला जेवू घालायचं आणि वर पैसे मागायचे?" त्यांना काय खुपतंय ते मला लगेच कळलं, कारण मलाही तेच खुपत होतं. जेवण झाल्यावर हात पुसत पुसत कुणी पाकीट काढेल आणि मी संकोचत हात पुढे करीन, हे चित्र डोळ्यांसमोर येऊन दोन रात्री झोप लागली नव्हती.

पण पैसे घेऊन घरी जेवू घालणं आपल्याकडे नवं नाही. गिरणगावात हजारो गिरणी कामगार खानावळवाल्या बायकांच्या दहा बाय दहाच्या खोलीत जेवले. त्या बायकांचं दुखणं वेगळंच होतं. कामगार पैसे द्यायचा महिना संपल्यावर, आणि तोवर वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज त्या बाईच्या डोक्यावर. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं आणि सावकारापासून त्यांची सुटका व्हावी म्हणून. मी त्यातून माझ्यापुरता एक नियम उचलला: पैशाचा व्यवहार जेवणाच्या आधी, पूर्ण, आणि घराबाहेर संपवायचा. माणूस उंबरठा ओलांडतो तेव्हा त्याच्या-माझ्यात देणंघेणं काही शिल्लक नसतं. मग तो खरोखर पाहुणा असतो आणि मला त्याला आग्रह करताना जीभ अडखळत नाही. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या, आणि तिसऱ्या जेवणाला स्वतःहून विडे लावायला बसल्या.

तेव्हा जागा राखतानाच पूर्ण रक्कम यूपीआयने घ्या. निम्मे आधी, निम्मे नंतर हा प्रकार अजिबात ठेवू नका. अठ्ठेचाळीस तास आधीपर्यंत नकार कळवला तर पैसे परत. त्यानंतर परत नाहीत, पण त्या जागी दुसरं माणूस पाठवायची मुभा. हे सगळं पहिल्याच निरोपात लिहा. आमच्याकडे एकदा आजारपणामुळे चौघांना शेवटच्या दिवशी येता आलं नाही. नियम असूनही मी अर्धे पैसे परत केले. तशी सवलत द्यायला माझी ना नाही, पण ती तुम्ही मनाने द्यावी, कुणी मागून घेऊ नये.

आता रक्कम किती. इथे नवख्या बायका हमखास चुकतात, मीही चुकले. बाजारातल्या थाळीकडे पाहून आकडा ठरवतात आणि स्वतःचे तास धरतच नाहीत. माझ्या वहीतला एका रविवारचा हिशेब देते. दहा पानं, माणशी 1,100 रुपये, म्हणजे 11,000 जमा. सामान 3,200. हाताखालच्या दोघींचे 1,200. गॅस, बर्फ, केळीची पानं, फुलं, टेबलावरच्या कापडाची धुलाई मिळून 600. खर्च 5,000, उरले 6,000. माझे स्वतःचे तास मोजले तर बाजारहाटापासून शेवटचं पातेलं घासेपर्यंत अठरा भरले. म्हणजे तासाला साधारण 333 रुपये. आठच माणसं आली असती तर 3,800 उरले असते, तासाला 211. सामान दहांचंच आणलेलं असतं, त्यामुळे दोन रिकामी पानं सगळा फरक पाडतात. तुमचं जेवण शाकाहारी राहिलं तर सामानाचा खर्च माझ्यापेक्षा कमी येईल. आमच्या खिचडीतले चांगले सोडेच, म्हणजे सुकवलेली कोळंबी, किलोला दोन हजारांच्या पुढे जातात. पण म्हणून रक्कम फार खाली आणू नका. भाकरी थापणाऱ्या हातांची किंमत वांग्याच्या भावावर ठरत नसते. बँकेत या कामासाठी वेगळं खातं ठेवा आणि हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवा.

माणसं किती बोलवायची? तुम्ही आठ-दहा म्हणता. पहिल्या तीन वेळा सहाच बोलवा. टेबलाशी किती खुर्च्या मावतात यावर हा आकडा ठरत नाही. तव्यावरून उतरलेली गरम भाकरी तुम्ही किती पानांपर्यंत गरम पोचवू शकता, यावर तो ठरतो. आमच्याकडे तांदळाची भाकरी असते. एका तव्यावर, एका बाईच्या हाताने, दहा पानांना पहिला फेर पुरा व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तोवर पहिल्याचं ताट संपलेलं असतं. म्हणून दुसरा तवा आणि दुसरी बाई आली. मगच मी सहावरून दहावर गेले.

थीमबद्दल मला मनापासून सांगायचंय. या शब्दामागे धावून लोक पडदे, कंदील, नथी, फेटे यांवर पैसे घालवतात. दुसऱ्या वर्षी मीही 'पेशवाई पंगत' ठेवली होती. समया, रांगोळ्या, चांदीच्या वाट्या सगळं जमवलं. ताटात टोमॅटोचं सार होतं, बटाट्याची भाजी होती. एका वयस्कर पाहुण्यांनी शांतपणे विचारलं, "हे पेशव्यांच्या पानात होतं का हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. टोमॅटो, बटाटा, मिरची, सगळी पोर्तुगीजांच्या वाटेने आलेली. त्यातली मिरची आपल्या स्वयंपाकात लवकर रुळली, पण टोमॅटो रोजच्या जेवणात यायला खूप काळ लागला. मला ते माहीत नव्हतं, कारण ती थीम माझी नव्हती. लोकांना आवडेल म्हणून मी ती वरून पांघरली होती.

त्यानंतर मी ठरवलं की ज्या पदार्थाबद्दल मी एक तास बोलू शकते तेवढीच माझी थीम. जूनमध्ये शेवळं, ही एक रानभाजी. पहिल्या पावसात आठ-पंधरा दिवस बाजारात येतात, त्यांची खाज मोडायला काकडं ही आंबट रानफळं लागतात, आणि ती नीट मोडली नाही तर पाहुण्याचा घसा धरतो. आषाढ संपता संपता निनाव, हा आमच्याकडचा गोड पदार्थ. हिवाळ्यात सोड्याची खिचडी आणि वालाचं बिरडं. एका जेवणाला एकच पदार्थ राजा, बाकीचं ताट त्याच्या भोवती. पाहुण्याने घरी जाऊन "आज आम्ही शेवळं खाल्ली" एवढं एक वाक्य सांगितलं पाहिजे.

तुमच्याकडे तर खजिना आहे. वरण-बट्टी, शेवभाजी, फौजदारी डाळ, कळण्याची भाकरी आणि ते हिरवं, लांबोडकं भरिताचं वांगं, ज्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण सगळं एकाच ताटात कोंबू नका. आणि खापरावरचे मांडे पहिल्या वर्षी तरी नकोच. एका वेळी खापरावर एकच मांडा पडतो, तो हातावर फिरवून वाढवणारी बाई लागते, आणि कोथरूडच्या ओट्यावर दहा माणसांना ते निभणार नाही. भरीत करा. तिकडे वांगी कापसाच्या काड्यांवर भाजतात, तो धुराचा वास गॅसवर येणार नाही. ते लपवू नका. पान वाढतानाच सांगा की गावाकडे असं भाजतात, इथे मी असं भाजलंय. पाहुणे त्याबद्दल नाराज होत नाहीत. उलट कुणीतरी लगेच आपल्या आजोळच्या चुलीची आठवण काढतं आणि टेबल बोलतं होतं.

तारीख ठरवताना आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून समोर घ्या. संकष्टीला अर्धी माणसं चंद्रोदयाशिवाय जेवत नाहीत. एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, पितृपक्ष, नवरात्र ही सगळी टाळायची. मांसाहार असेल तर सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरांत बाद असतात, म्हणूनच माझी जेवणं शुक्रवारी रात्री नाहीतर रविवारी दुपारी असतात. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी, त्यापाठोपाठ श्रावण, म्हणून पावसाळ्यात मी रानभाज्यांवर असते. तुमच्या भरिताला तर स्वतःचा सण आहे. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग वांगं खायला लागतात. नेमकी तेव्हाच थंडी पडते आणि भरिताची वांगी उत्तम येऊ लागतात. याहून चांगली थीम पैसे देऊनही मिळणार नाही.

परवान्यांचं सांगते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा. घरातून अन्न विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. मी केली तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला साधी नोंदणी पुरत होती, शुल्क वर्षाला 100 रुपये. अर्ज ऑनलाइन, त्यांच्याच फॉस्कॉस या संकेतस्थळावर होतो आणि चौदा आकडी क्रमांक मिळतो. अर्ज करायच्या दिवशी मर्यादा आणि शुल्क तिथेच पाहून घ्या. थोड्या पैशांचं काम आहे, टाळू नका.

गॅसकडे मात्र बहुतेकांचं लक्षच जात नाही. घरगुती वापराचा 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याच्या स्वयंपाकाला वापरता येत नाही. पाइपचा गॅस असेल तर तिथेही घरगुती आणि व्यावसायिक जोडणी वेगळी असते. गॅस एजन्सीत जाऊन सरळ सांगा की महिन्यातून एकदा पैसे घेऊन जेवण घालणार आहे, आणि त्यांच्याकडून व्यावसायिक सिलिंडर घ्या. तो कुठे ठेवायचा तेही त्यांच्याच माणसाला ठरवू द्या. मी काही पदार्थ इंडक्शनवर नेले, त्यानेही भार हलका झाला.

दारूला साफ नकार द्या. पैसे घेऊन बोलावलेल्या माणसांना परवान्याशिवाय मद्य देणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि "आम्ही आमची बाटली आणतो" म्हणणाऱ्यांनाही मी नाही म्हणते. पहिल्या निरोपात ते लिहिलेलं असलं की दारात वाद होत नाही.

मग सोसायटी. पहिल्या वर्षी आमच्या इमारतीत माझ्याविरुद्ध लेखी तक्रार गेली. जेवणाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. माझ्या पाहुण्याने गाडी दुसऱ्याच्या जागेत लावली होती, आणि रात्री अकराला लिफ्टपाशी निरोपाच्या गप्पा रंगल्या होत्या. चूक माझी होती, मी आधी कुणाला विचारलंच नव्हतं. नंतर मी कमिटीला भेटले, महिन्याच्या दोन तारखा आणि जास्तीत जास्त दहा माणसं हे लिहून दिलं, गाडी बाहेर लावायची अट पाहुण्यांना घातली. वॉचमनला त्या दिवशी नावांची यादी देते आणि त्याचं जेवण आधी खाली पाठवते. फ्लॅट भाड्याचा असेल तर मालकाची लेखी संमती आधी, बाकी सगळं नंतर.

अनोळखी माणसांची भीती रास्त आहे आणि ती असू द्या. पहिली तीन-चार जेवणं ओळखीच्यांच्या ओळखीच्या माणसांना घाला. त्यानंतरही प्रत्येकाशी फोनवर पाच मिनिटं बोलल्याशिवाय मी जागा देत नाही. कुठून येताय, सोबत कोण, काय खात नाही, आमच्याबद्दल कुणाकडून कळलं एवढं विचारलं की माणसाचा अंदाज येतो. ज्याला हे प्रश्न जाच वाटतात त्याला मी नम्रपणे नाही म्हणते. घराचा पूर्ण पत्ता पैसे जमा झाल्यावरच. त्या दिवशी घरात माझ्याशिवाय घरचं एक मोठं माणूस असलंच पाहिजे. बेडरूमना कुलूप, औषधं आणि कागदपत्रं आत, न्हाणीघर एकच उघडं आणि ते लखलखीत. देवघराची खोली बंद ठेवायची ही माझ्या सासूबाईंची अट होती, ती मी आजही पाळते. तुमच्या सासूबाईंनाही विचारा की त्यांना घरातलं काय खाजगी हवंय. सबंध कल्पनेला विरोध करणारं माणूसही एक खोली, एक कपाट आपलं राहणार म्हटल्यावर निवळतं.

फोनवरच्या त्या पाच मिनिटांत अ‍ॅलर्जी विचारायला विसरू नका. कोळंबी, शेंगदाणे, काजू, तीळ, गहू, दूध अशी नावं घेऊन विचारा, कारण "काही चालत नाही का?" म्हटलं की लोक कारल्याचं नाव सांगतात. तुमच्या खान्देशी मसाल्यात शेंगदाणा, तीळ, खोबरं सगळं येतं, आणि कळण्यात उडीद. जैन पाहुणे असतील तर कांदा-लसूण सोडून खान्देशी ताटात काय उरतं ते आधीच त्यांना सांगा आणि नाही जमणार तर नाही म्हणा. अर्धवट बदललेलं ताट कुणालाच समाधान देत नाही.

अन्न राखण्याचं एक गणित पाठ करा: गरम ते 60 अंशांच्या वर, थंड ते 5 अंशांच्या खाली, आणि या दोहोंच्या मध्ये काहीही दोन तासांपेक्षा जास्त वेळ राहू द्यायचं नाही. सळईचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या. भात विशेष जपा, तो गार होऊन बाहेर राहिला की बाधतो. एका मे महिन्यात मी दुपारी तीनलाच नारळाचं दूध काढून सोलकढी करून ठेवली होती. सातला चव घेतली तर उतरलेली. सगळी ओतून दिली, कोकम सरबत केलं, आणि पाहुण्यांना खरं कारण सांगितलं. सोलकढी लिहिली होती आणि मिळाली नाही, म्हणून माणशी पन्नास रुपये दुसऱ्या दिवशी परत पाठवले. आता दूध शेवटच्या तासात, बर्फावर.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ. मला याच भागाची सगळ्यात ओढ आहे. अनोळखी माणसं पहिली पंधरा मिनिटं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. मी खूप उपाय केले, ओळखीचे खेळ वगैरे, त्याने माणसं अधिकच आक्रसायची. एकदा सहज, दुसऱ्या दिवशीच्या बिरड्याचे मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून टेबलावर ठेवले होते. एका बाईंनी उचलून सोलायला घेतले. मग शेजारच्याने. दहा मिनिटांत आठजण वाल सोलत होते आणि त्यांच्यातल्या दोघांचं आजोळ पेणचं निघालं. तेव्हापासून तो परातभर वाल कायम असतो. ते सोललेले वाल पाहुण्यांच्या पानात जात नाहीत, घरच्यांना होतात. हात कामाला लागले की तोंडं मोकळी होतात. तुम्ही हिरव्या तुरीच्या शेंगा ठेवा, किंवा लाकडी बडगी पुढ्यात ठेवून मिरच्या-लसूण कुटायला द्या. आवाज झाला पाहिजे, वास सुटला पाहिजे.

वाढणं घरातल्याच माणसाने करावं. मी पहिले दोन फेर स्वतः वाढते, तेव्हाच पदार्थाची गोष्ट सांगते. मीठ-लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे का, भाजी उजवीकडे का, हे ताटाकडे बोट दाखवत. नंतर दोघींच्या हाती सोपवून रिकाम्या ठेवलेल्या खुर्चीवर जाऊन बसते. ही एक खुर्ची आपल्यासाठी राखा. यजमान सतत उभा राहिला की पाहुण्यांना हॉटेलात आल्यासारखं वाटतं आणि ते तसंच वागतात. आग्रह एकदाच करावा. दुसऱ्यांदा फक्त वाडगं जवळ आणावं आणि थांबावं. मधुमेही माणसं तोंडाने सांगत नाहीत, हात आडवा धरतात.

संपवायचं कधी, हेही ठरलेलं हवं. आमच्याकडे पाहुणे पावणेआठला येतात, सव्वाआठला पानं मांडली जातात, दहा-सव्वादहाला सासूबाई विड्यांचं तबक घेऊन बाहेर येतात. मी कुणाला उठा म्हणत नाही. विडा हातात पडला की आपल्याकडच्या माणसाला आपोआप कळतं. परगावच्या पाहुण्यांना शेजारचे सांगतात. निरोप दारातच द्यायचा, लिफ्टपाशी नाही.

ती माणसं गेल्यावर झोपायच्या आधी वहीत चार ओळी लिहा: किती भाकऱ्या लागल्या, काय उरलं, कुणी काय पुन्हा मागितलं, कोणतं भांडं कमी पडलं. मी सकाळवर टाकलं की आकडे चुकतात. माझ्या वहीत पहिल्या जेवणाखाली लिहिलंय, "भात दीड किलो जास्त झाला, तूप कमी."

तुम्ही आता इतकंच करा. यंदाची चंपाषष्ठी कॅलेंडरमध्ये पाहा आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार धरा, संकष्टी-एकादशी नाही ना तेवढं बघून. सहा माणसं, दुपारी साडेबाराची वेळ. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, ठेचा, फौजदारी डाळ, भात आणि एक गोड. त्याच्या महिनाभर आधी नोंदणी, सिलिंडर आणि सोसायटी. पंधरा दिवस आधी हेच ताट घरच्या सहाजणांना घड्याळ लावून वाढून पाहा. त्या दिवशी सासूबाईंना पंगतीत पहिल्या पानावर बसवा, आणि भरिताला तिखट किती ते त्यांना ठरवू द्या.